हातात काहीच नसलेली बाई



रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला कारण लागतं. बस येत नाहीये, मुलीची शाळा सुटायचीय, भाजी घ्यायचीय, नवरा गाडी काढायला गेलाय... यातलं काहीच नसेल, तर पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधत असल्यासारखं तरी करावं लागतं. गेली काही वर्षं मला एक नवं कारण सापडलं आहे. गळ्यात कॅमेरा अडकवला की मी पुण्यात कुठेही, कितीही वेळ, नुसती उभी राहू शकते.

मी हौशी फोटोग्राफर आहे. कोणाकडे रीतसर शिकलेली नाही. महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पाचसहाजणी घरातून निघतो. एक निवृत्त शिक्षिका, एक बँकेत नोकरी करणारी, एक कॉलेजात शिकणारी, आणि मी. बाकीच्या येऊन-जाऊन. दोघींकडे कॅमेरे आहेत, बाकीच्या मोबाईलवर काम भागवतात. आमचं जाणं फार लांबचं नसतं. कसबा पेठ, तांबट आळी, मंडई, ओंकारेश्वराचा नदीकाठ, लकडी पूल आणि रविवारच असल्यामुळे जुना बाजार. किल्ले, पक्षी, सूर्योदय यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. आम्ही काढतो ते पाववाला, शटर वर करणारा दुकानदार, ओट्यावर दात घासणारी मुलं, जुन्या कपड्यांच्या ढिगाशी वाद घालणाऱ्या बोहारणी.

लोकांना आमचं काय चाललंय ते कळत नाही. पाच बायका सकाळी सकाळी, सोबत पुरुष नाही, देवदर्शनाची थाळी नाही, ट्रॅकसूट नाही. ‘काय हो ताई, कॉर्पोरेशनकडून का?’ हा प्रश्न ठरलेला. जुन्या वाड्यांच्या गल्लीत तर आम्ही रस्तारुंदीवाल्या किंवा बिल्डरच्या माणसं आहोत, असाच समज होतो. एका वाड्यात एका आजींनी आम्हाला हाताला धरून आत नेलं, गळका नळ दाखवला, आणि ‘याचा काढा फोटो, द्या वर पाठवून’ असं बजावलं. आम्ही काढला. वर म्हणजे कुठे ते आजींनाही ठाऊक नव्हतं.

गंमत सोडा. पण आम्ही ‘सहज आलोय, बघायला’ असं म्हटलं, तर ते उत्तर कोणाच्याच पचनी पडत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईतल्या बायकांविषयीचं पुस्तक 2011 साली आलं. आपल्यापैकी अनेकींनी ते वाचलं असेल. बाई घराबाहेर पडते तेव्हा ती सतत काहीतरी कामाला निघाली आहे असं दाखवत असते, आणि तसं दाखवावं लागतंय तोवर ती जागा तिची झालेली नाही, असं त्या म्हणतात. सुरक्षिततेची मागणी करून भागणार नाही, रेंगाळायचा हक्क मागायला हवा, असा त्यांचा आग्रह आहे. आपल्या भाषेकडे पाहिलं तर हे किती खरं आहे ते लगेच कळतं. ‘भटकभवानी’ या शब्दाचं पुल्लिंगी रूप आहे का? मला तरी सापडलेलं नाही. मुलगा भटकला तर त्याला जग कळतं. मुलगी भटकली तर जगाला ती कळते!

तर कॅमेऱ्यामुळे मला ही सूट मिळाली. पण ती सूटच आहे, हक्क नाही, हे आम्हाला कळलं ते एका दुपारी फोटो मांडून बसलो तेव्हा.

वर्षभराचे निवडक फोटो आम्ही छापून घेतले होते. एकीच्या घरी सतरंजीवर ते पसरले. वाटण्या करायच्या होत्या, पेठेनुसार की विषयानुसार, यावर घोळ चालला होता. आमच्या शिक्षिकाबाई मात्र चष्मा सारखा करत एकेक फोटो हातात घेऊन बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘अगं, यात रिकाम्या हाताची एकही बाई नाही.’

मग आम्ही त्या नजरेने बघायला लागलो. पुरुष होते ते लकडी पुलाच्या कठड्याला टेकलेले, पारावर बसलेले, टपरीबाहेर चहाचा पेला संपवूनही तिथेच उभे असलेले, बंद दुकानाच्या पायरीवर पाय पसरलेले, पेपर वाचणारे आणि पेपर मांडीवर ठेवून न वाचणारे. पोटाच्या मागे धावणारे पुरुषही खूप होते, हमाल होते, हातगाडीवाले होते. पण त्यांच्या शेजारीच नुसते बसलेलेही होते. बायकांचं तसं नव्हतं. झाडू, पोतं, पाटी, पिशवी, कळशी, मेथीची जुडी, कडेवरचं मूल. सारसबागेतल्या हिरवळीवर बसलेली बाई दिसली म्हणून फोटो उचलला, तर तिच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात घास. झेड ब्रिजवर मुली होत्या, पण जोडीने, आणि चेहरा ओढणीत गुंडाळलेला. बसलेल्या बायका आम्हाला सापडल्या त्या तीनच ठिकाणी. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर, कोर्टाच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापाशी. तिन्ही ठिकाणी त्या कोणासाठी तरी थांबलेल्या होत्या. वाट बघणं हे काही रिकामं बसणं नव्हे. तेही कामच, फक्त ते कोणी मोजत नाही.

यावर आमच्यात बराच खल झाला. शहरातच अशी बाई नाही, की आमच्याच डोळ्यांना ती दिसत नाही? दोन्ही असावं. केंद्र सरकारने 2024 साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, आणि घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं, असं दिसलं आहे. म्हणजे रिकामं बसायला बाईकडे वेळच कुठे आहे? पण दुसरीकडे आपली पोस्टर्स आठवून बघा. मूठ, विळा, कंदील, पाटी-पेन्सिल, डोक्यावर मोळी. बाईचं काम दिसावं, त्याची गणती व्हावी, म्हणून चळवळीने इतकी वर्षं जिवाचं रान केलं, आणि ते करायलाच हवं होतं. त्या ओघात काहीच न करणारी बाई आपल्या भिंतींवर कधी चढलीच नाही. आळसावलेली, गालावर हात ठेवून रहदारी बघत बसलेली. ती आपल्याला क्रांतिकारक वाटत नाही. मला आता ती वाटू लागली आहे.

इथे होमाई व्यारावाला यांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. 1913 साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा हे त्यांचे फोटो सर्वांना माहीत असतात. पण त्यांचे पहिले छापून आलेले फोटो कशाचे होते? बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे! ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ते छापले, एका फोटोला एक रुपया या दराने. त्या काळात मुंबईत वर्गमैत्रिणींचे, शहरात मोकळेपणाने वावरणाऱ्या मुलींचेही फोटो त्यांनी काढले. हातात काही काम नसलेल्या, हसणाऱ्या बायका. आणि त्यांचे सुरुवातीचे बरेचसे फोटो छापले गेले ते पती मानेकशा यांच्या नावावर. 1970 साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. 2012 साली त्या गेल्या, तोवर दिल्लीतले फोटो पुन्हा पुन्हा छापून झाले होते. त्या सहलीतल्या बायका मात्र मागेच राहिल्या.

दुसरं नाव मनोबिना रॉय. ‘दो बीघा जमीन’ करणाऱ्या बिमल रॉय यांच्या त्या पत्नी. बघा, ओळख करून द्यायची तर अजूनही वाट नवऱ्याच्या नावावरूनच जाते. मनोबिना आणि त्यांची जुळी बहीण देबलीना यांचा जन्म 1919चा. बनारसजवळच्या रामनगरला त्या वाढल्या. वडिलांनी लहान वयातच दोघींच्या हाती कॅमेरे दिले. दोघीही जन्मभर फोटो काढत राहिल्या, आणि दोघीही ‘हौशी’च राहिल्या. मनोबिनांचा संसार पुढे मुंबईत झाला. ‘हौशी’ हा शब्द पुरुषाला लावला की त्यात एक रुबाब येतो. माणूस नोकरी सांभाळून छंद जपतो, केवढा रसिक! बाईला लावला की त्याच शब्दाचा अर्थ होतो, घरचं सगळं आटोपल्यावर उरलेल्या वेळात. आमच्यातल्या बँकेतल्या मैत्रिणीला रविवारी सकाळी बाहेर पडण्यासाठी शनिवारी रात्रीच भाजी चिरून ठेवावी लागते. घरचे विरोध करत नाहीत. ‘जा की, आम्ही कुठे नाही म्हणतोय’, असं म्हणतात. भाजी मात्र चिरलेली लागते.

आता ज्या गोष्टीवरून आमच्या तीन बैठका झाल्या आणि ज्यामुळे हा अंक आठवडाभर उशिरा निघतो आहे, तिच्याकडे येते.

मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत तुम्ही पाहिली असेल, निदान चित्रात. 1886 साली ती उघडली, तेव्हा तिला लॉर्ड रे यांचं नाव होतं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच इमारतीला त्यांचं नाव आहे. 2024च्या सप्टेंबरपासून तिच्या खालून मेट्रोही धावते. तर एका रविवारी जुन्या बाजारात रमलो आणि मंडईत पोचायला दुपारचे दोन वाजले. गिऱ्हाईक ओसरलं होतं. गवारीच्या पोत्याला टेकून एक भाजीवाली झोपली होती. पाय लांब केलेले, तोंड किंचित उघडं, एक हात जमिनीवर उताणा. तळवा उघडा, त्यात काहीही नव्हतं. वरच्या झरोक्यातून आलेलं ऊन नेमकं त्या तळव्यावर. आमच्या कॉलेजातल्या मुलीने हा फोटो टिपला. मी गेली कित्येक वर्षं फोटो बघते आहे, इतका चांगला फोटो आमच्यापैकी कोणालाही काढता आलेला नाही.

हाच फोटो मुखपृष्ठावर घ्यायचा, असं निम्म्या संपादक मंडळाचं मत पडलं. रिकाम्या हाताची बाई शोधत होतो ना, मग ही काय! उरलेल्या निम्म्या म्हणाल्या, ती झोपली होती. तिला कोणी विचारलं?

कायदा बघायला गेलं तर सार्वजनिक जागी कोणाचा फोटो काढणं हा सहसा गुन्हा नाही. 2013 साली दिल्लीतल्या प्रकरणानंतर फौजदारी कायद्यात बदल झाले, तेव्हा बाईच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण करणं हा गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 77 आहे. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करायला बंदी आहे, ते कलम 72. या दोन्हींच्या मधे जे अफाट मोकळं रान आहे, त्यात मंडईतली झोपलेली बाई येते. तिच्यासाठी कलम नाही. मग ठरवायचं कोणी? आम्ही ठरवलं की तिलाच विचारायचं.

फोटोची प्रत घेऊन आम्ही तिघी गेलो. तिने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. ‘ही मीच का? म्हातारी झाले की गं!’ असं म्हणून हसली. शेजारच्या गाळ्यावरच्यांना दाखवून आली. आणि मग म्हणाली, ‘पण हा छापू नका. बाई धंद्यावर झोपते म्हणतील. गिऱ्हाईक म्हणेल, हिचं ध्यान नाही, वजनात मारते का काय.’ आम्ही थोडं समजावून बघितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाली, ‘काढायचाच तर थांबा.’ पाण्याच्या बाटलीने तोंड धुतलं, पदर सारखा केला, इलेक्ट्रॉनिक काटा बाजूला सारून पोत्यामागून जुना ताजवा काढला, तो हातात धरला, आणि रेशनकार्डाला बघावं तशी ताठ कॅमेऱ्याकडे बघू लागली.

हा दुसरा फोटो या अंकाच्या मुखपृष्ठावर आहे. तिच्या सांगण्यावरून तिचं नाव आतल्या पानावर छापलं आहे. पहिला फोटो कुठेच छापला जाणार नाही. त्याची एक प्रत तिच्याकडे आहे, घरी लावते म्हणाली.

आमची तरुण मैत्रीण यावर खट्टू आहे. तिचं म्हणणं मी इथे मांडते, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. ती म्हणते, ‘विचारलं की माणूस पोझ घेतो. मग खरं काही उरतच नाही. आणि तुम्ही बायकांना आरामाचा हक्क मागता, ती प्रत्यक्ष आराम करत होती तर तो लपवता.’ शिवाय जगात रस्त्यावर काढलेले जे मोठे फोटो मानले जातात, ते कोणी विचारून काढलेत? शिकागोच्या व्हिवियन मायरचं उदाहरण तिनेच दिलं. लोकांची मुलं सांभाळण्याची नोकरी करणारी ही बाई. मुलांना घेऊन शहरभर हिंडायची आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याने रस्ते टिपायची. एक लाखाच्या वर फोटो काढले, दाखवले जवळजवळ कोणालाच नाहीत. 2007 साली तिच्या सामानाचा लिलाव झाला आणि तो खजिना बाहेर पडला. 2009 मध्ये ती वारली. तिने विचारत बसायचं ठरवलं असतं तर हे फोटो झालेच नसते, हे खरं. पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक खुपते. तिचे फोटो आज जगभर लागतात, विकले जातात, आणि ते दाखवावेत की नाही हे तिलाही कोणी विचारलेलं नाही.

माझं मत असं झालं आहे. फोटो काढणं आणि फोटो छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत बघायचं ते हे की त्याची किंमत कोण मोजतो. लकडी पुलावर पेपर वाचणाऱ्या माणसाचा फोटो मी न विचारता काढते. तो छापून आला तर तो आपल्या मित्रांना दाखवील. मंडईतल्या बाईचं मात्र गिऱ्हाईक जाऊ शकतं. त्याच दिवशी शेजारच्या एकीने आम्हाला कॅमेरा खाली घ्यायला सांगितला. ‘लेकीच्या सासरी माहीत नाही मी इथं बसते ते. तुम्ही मोबाईलवर टाकाल, फिरत फिरत तिकडं जाईल.’ तिचं हे बोलणं तिला विचारूनच छापलं आहे. एकच जागा, एकच कायदा, एकच कॅमेरा. पण एकाला फोटोने काही फरक पडत नाही आणि दुसरीच्या लेकीचा संसार त्यावर टांगलेला. तेव्हा ‘सगळ्यांना सारखा नियम’ हे ऐकायला बरं वाटतं, पण ते न्यायाचं नाही. पोझ घेतल्याने खरेपणा जातो हेही मला पटत नाही. ताजवा धरून ताठ बसलेली ती बाईसुद्धा खरीच आहे. आपण जगाला कसं दिसावं हे तिने ठरवलं, आणि तिने काम करणारी बाई म्हणून दिसायचं ठरवलं. आमच्या सिद्धान्ताची पंचाईत झाली, ती आमची आम्ही निस्तरू.

पालखीच्या दिवसांत हा प्रश्न फार उघडा होतो. पुण्यात पालख्यांचा मुक्काम असतो तेव्हा गावोगावचे हौशी फोटोग्राफर लोटतात. डोक्यावर तुळस घेतलेली बाई हा सगळ्यांचा लाडका विषय. तिथवर ठीक आहे. पण पहाटे टँकरच्या आडोशाला साड्या धरून अंघोळी उरकणाऱ्या बायकांकडे लांब लेन्स रोखून उभे असलेले लोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. एकाला हटकलं, तर ‘भक्तीचा फोटो आहे, मॅडम’ असं उत्तर मिळालं. त्याने कॅमेरा फिरवला तो आम्ही पाचजणी त्याच्यासमोर रांगेत उभ्या राहिलो तेव्हा. कॅमेरे आम्हीही त्याच्यावरच रोखले होते. गंमत म्हणजे त्याला ते अजिबात आवडलं नाही.

पुण्यात फोटोने बायकांना काही मिळवून दिल्याचीही गोष्ट आहे, आणि ती आपण विसरायला नको. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या कचरावेचक सभासदांना फोटो असलेलं ओळखपत्र मिळालं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. चोरीच्या संशयावरून कोणीही दटावावं अशी ज्यांची गत होती, त्या बायकांच्या गळ्यात स्वतःचा चेहरा आणि त्याखाली नाव आलं. पुढे 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, आणि आज पुण्यात दारोदारचा कचरा गोळा करणाऱ्या बायका आपल्याला गणवेशात दिसतात. कचऱ्याच्या ढिगावर वाकलेल्या बाईचा, उन्हाच्या तिरिपेतला, बक्षीसपात्र फोटो मी पुष्कळ प्रदर्शनांतून पाहिला आहे. खाली नाव असतं ते काढणाऱ्याचं. ओळखपत्रावरच्या पासपोर्ट आकाराच्या त्या फोटोला कोणी बक्षीस दिलेलं नाही.

नावावरून आपल्या कार्यालयातल्या कपाटाकडे वळते. तिथे एका पत्र्याच्या खोक्यात जुन्या मोर्च्यांचे, शिबिरांचे, धरण्यांचे कृष्णधवल फोटो आहेत. हा लेख लिहिताना ते काढून बसले. काहींच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आहे. व्यासपीठावर बोलणारीचं नाव आहे. पुढच्या रांगेत घोषणा देणारीचं कधी आहे, कधी नाही. तिसऱ्या रांगेपासून सगळ्याजणी ‘महिला’. फोटो कोणी काढला, तेही कुठे नाही. दिल्लीच्या शीबा छाछी यांची यानिमित्ताने आठवण होते. ऐंशीच्या दशकात हुंडाविरोधी मोर्च्यांत त्या स्वतः कार्यकर्ती म्हणून चालत होत्या आणि फोटोही काढत होत्या. पुढे त्यांना वाटू लागलं की मोर्च्यातल्या एका क्षणाच्या फोटोत ती बाई पुरती मावत नाही. मग त्यांनी चळवळीतल्या सातजणींकडे जाऊन, तुम्हाला स्वतःचा फोटो कसा हवा, कुठे हवा, सोबत कोणत्या वस्तू हव्यात, हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतलं. ‘सेव्हन लाइव्हज अँड अ ड्रीम’ ही ती मालिका. फोटो काढणारी आणि फोटोतली, दोघींनी मिळून केलेलं काम.

आपल्या खोक्यातल्या बायकांना आता शोधायला हवं. यातल्या काही आज नाहीत. काही गावोगावी आहेत, आजी झाल्या असतील. पुढच्या अंकात यातले सहा फोटो छापायचे ठरवलं आहे, आधी जिल्ह्याजिल्ह्यातल्या गटांकडे प्रती पाठवून. ज्यांना जी ओळखू येईल तिचं नाव कळवा, आणि तिला भेटून छापायला हरकत नाही ना, तेही विचारा. ‘नको’ असं उत्तर आलं तर तेही कळवा, तो फोटो खोक्यात परत जाईल.

तुम्हीही फोटो पाठवा. तुमच्या गावातले, पेठेतले, एसटी स्टँडवरचे. महागडा कॅमेरा असायलाच हवा असं नाही, मोबाईल चालेल. फोटोत जी आहे तिचं नाव (तिला चालत असेल तर), काढणारीचं नाव, गाव, आणि विचारलं तेव्हा ती काय म्हणाली ते चार ओळींत. ते बोलणं आम्हाला फोटोइतकंच हवं आहे. काहीही न करता बसलेली बाई कुणाला सापडली आणि तिने ‘छापा’ म्हटलं, तर तो फोटो आधी पाठवा.

अंक निघाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सकाळी साडेसहाला लकडी पुलावर जमणार आहोत. त्या दिवशी कॅमेरे घरी ठेवायचे आहेत. पिशव्याही आणू नका. कठड्याला टेकून तासभर नुसतं नदीकडे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचं, एवढाच कार्यक्रम. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची नाही, असं बँकेतल्या मैत्रिणीने जाहीर केलं आहे. चहा जिचा तिने घ्यायचा.

— संपादक